फ्रेमबाहेरचा हात

म्हैसूर, ३ ऑगस्ट २०२५

कुशल,

फोन तू उचलत नाहीस. मेसेजला निळ्या खुणा येतात आणि पुढे काही नाही. म्हणून टपालाने लिहिते आहे. पत्र फाडून टाकायचं तरी निदान हातात घ्यावं लागतं. पत्ता सांगलीच्या घराचाच टाकते, तू दुसरीकडे कुठे जाणार?

आधी कामाचं. भागीरथीबाईंच्या मुलाखतीची मूळ क्लिप तुझ्या हार्ड डिस्कवर आहे. माझ्याकडे फिल्ममध्ये वापरला तेवढाच तुकडा उरला आहे. मला ती पूर्ण हवी, न कापलेली. पहिल्या वर्षाला शॉटचे प्रकार शिकवते आहे, मुलांना उदाहरण म्हणून दाखवायची आहे. बाकी काही नाही.

मुलांचं काय सांगू! कॅमेरा हलो न हलो, सगळ्याला 'झूम' म्हणतात. जागेवर उभं राहून मान डावीकडून उजवीकडे फिरवली की पॅन, वरखाली केली की टिल्ट, आणि उठून स्वतः चालत गेलात की ट्रॉली, हे मी नऊ वर्षं वर्गात स्वतःची मान हलवून दाखवते आहे. आता मानेला पट्टा लागलाय. परवा एकाने विचारलं, मॅम, झूम करून जवळ जाता येतं तर ट्रॉली ढकलायची कशाला? मी म्हटलं, अरे, झूममध्ये तू जागचा हलत नाहीस, समोरचा माणूस नुसता मोठा होतो. त्याने ते वहीत लिहून घेतलं. परीक्षेत येईल असं वाटलं असेल.

तुझे दाजी, त्र्यंबक, बरे आहेत. कडकोळच्या कारखान्याची बस पकडायला पहाटे उठतात, संध्याकाळी टीव्हीसमोर बसल्या बसल्या डुलक्या काढतात. तुझी आठवण काढतात. मी काढत नाही असं नाही.

क्लिप पाठव.

ताई


म्हैसूर, १४ ऑगस्ट

कुशल,

क्लिप आली नाही. यायची नव्हतीच. वर्गासाठी हवी असं मी लिहिलं आणि तू ओळखलंस. खोटं बोलताना मी जास्त तपशील सांगते हे लहानपणी तूच आईला सांगितलं होतंस.

खरं कारण लिहिते. तुला माहीत आहे तेही पुन्हा लिहिते, कारण मला ते एकदा क्रमाने मांडायचं आहे.

दोन वर्षं खपून आपण मंडी मोहल्ल्यातल्या जुन्या मराठी घरांवर फिल्म केली. ज्यांचे पणजे-खापरपणजे म्हैसूरच्या फौजेत आले आणि इथलेच झाले, त्यांच्यावर. नाव ठेवलं 'साकुमग'. कन्नडमध्ये पाळलेला मुलगा. परक्या मुलखाने वाढवलेली माणसं, म्हणून ते नाव. एप्रिलमध्ये त्यांच्याच समाजाच्या हॉलमध्ये दाखवली. भागीरथीबाई पहिल्या रांगेत, पदर खोचून, लग्नाला आल्यासारख्या बसल्या होत्या. त्यांचा रक्षित मागे उभा होता.

पडद्यावर भागीरथीबाई सांगत होत्या, लग्नाला अकरा वर्षं झाली तरी मूल नव्हतं, मग बन्नूरला माहेरी गेले, तिथं रक्षितचं तोंड बघितलं. आणि रडू फुटलं. नुसता चेहरा, पूर्ण पडदाभर. त्या रडतच म्हणाल्या, "साकु मगा." आणि खाली इंग्रजीत ओळ आली: हा माझा पाळलेला मुलगा.

त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. अख्खा हॉल मागे वळून रक्षितकडे का बघतोय, ते त्यांना कळेना. त्याही वळून बघायला लागल्या. दुसऱ्या दिवशी तू बॅग भरून गेलास.

पुढचं तुला माहीत नाही. गेल्या आठवड्यात यशस्विनी, रक्षितची बायको, कॉलेजात आली. वर्गाबाहेर तासभर उभी होती. म्हणाली, "अक्का, घरात कोण कुणाशी बोलत नाही. नातेवाईक सुम्ने येतात, कारण नसताना, ह्यांचं तोंड बघून जातात. म्हणून रंग वेगळा, म्हणून उंची वेगळी, असं बोलतात. ह्यांनी आपल्या आईला, अत्तेंना विचारलं, मी कुणाचा? अत्ते गप. मत्ते मग सकाळी पिशवी भरून बन्नूरला भावाकडं गेल्या. तीन महिने झाले. ह्यांचा फोन घेत नाहीत." मग माझा हात धरून म्हणाली, "तुमच्याकडं सगळं शूट हाय अल्वा? खरं काय ते सांगा की."

मी म्हटलं, भाषांतरात चूक झाली असेल, बघते. क्लिप त्यासाठी हवी आहे.

ताई


म्हैसूर, २९ ऑगस्ट

कुशल,

आज वर्गात क्लोज-अप शिकवायचा होता. थकले होते, दुसरं काही शोधायचा कंटाळा आला, म्हणून आपल्याच फिल्ममधला भागीरथीबाईंचा शॉट लावला. नेहमीचं भाषण केलं. लाँग शॉटमध्ये माणूस कुठे आहे ते कळतं, मिड शॉटमध्ये तो काय करतोय ते कळतं, क्लोज-अपमध्ये त्याला काय वाटतंय ते कळतं. नऊ वर्षं हेच वाक्य. मला झोपेतही म्हणता येईल.

शरण्या म्हणून एक मुलगी आहे, इथलीच, घरी कन्नड बोलणारी. कधी तोंड उघडत नाही. तिने हात वर केला. म्हणाली, "मॅम, अज्जी 'थांब' म्हणतायत ना?"

मी विचारलं, कशावरून?

"त्यांचा खांदा वर गेलाय. त्यांनी हात वर केलाय. पण हात फ्रेममध्ये नाही. आणि त्या 'साकुमग' नाही म्हणत. 'साकु' म्हणतात, थांबतात, मग 'मगा' म्हणतात. पुरे रे बाळा."

वर्गातली कन्नड मुलं हसली. मग हसायची थांबली, कारण त्यांनाही ऐकू यायला लागलं.

साकु म्हणजे पुरे. खानावळीत सांबार वाढणाऱ्याला सांगतो ते. आणि साकु म्हणजे पाळणं, वाढवणंसुद्धा. मधे एक श्वास घेतला की आई कॅमेरावाल्याला 'पुरे रे बाळा' म्हणते, श्वास गिळला की स्वतःच्या मुलाला परकं करते. हॉलमध्ये तीनशे कन्नड बोलणारी माणसं होती, एकालाही ते ऐकू आलं नाही. फिल्मचं नाव आधी वाचलं होतं ना. नाव वाचलं की कान तेच ऐकतो.

तास लवकर सोडला. मुलांना वाटलं, मान दुखतेय.

ताई


म्हैसूर, ७ सप्टेंबर

कुशल,

मागचं पत्र टाकलं आणि घरी येताना स्वतःचीच लाज वाटली. शरण्याने सांगेपर्यंत मला माहीत नव्हतं, असं मी त्यात लिहिलं नाही. पण तसं वाटेल असं लिहिलं. हीसुद्धा काटछाटच.

मला माहीत होतं रे.

सोळा वर्षं या गावात राहून 'साकु' मला कळत नाही? तू मिड शॉट लावला होतास, कमरेपर्यंत. मी तुझ्या मागे दोन हातांवर उभी होते. त्यांचा हात वर आलेला मी बघितला. एडिटला बसले तेव्हा तो शॉट तोडून, मोठा करून, त्याचा क्लोज-अप केला. म्हटलं, चेहरा जवळ दिसू दे. चेहरा जवळ आला आणि हात बाहेर गेला. मग तेच तेच वीस वेळा ऐकलं, आणि वीस वेळा ऐकल्यावर 'साकु' आणि 'मगा' जवळ सरकायला लागले. शेवटचा 'आ' लांबला होता, तो रडण्यामुळे लांबला असं मी ठरवलं. तोवर फिल्मला नाव नव्हतं, डोकं नव्हतं, शेपूट नव्हतं. दोन वर्षांच्या कामात नुसती म्हातारी माणसं बोलत होती. या एका शब्दाने सगळं उभं राहिलं. मला तो शब्द हवा होता, म्हणून तो तिथे आहे असं मी धरलं.

तू मागे उभा राहून म्हणालास, "ताई, त्या थांब म्हणत होत्या." मी काय म्हटलं? "तुला कन्नड येतं किती?" तुला दोन वर्षांत कन्नड येत नव्हतं, पण हात वर केलेला कळत होता.

आणखी एक आहे. हे लिहायचं म्हणून तीन दिवस पत्र पडून होतं. यशस्विनी कॉलेजात आली तेव्हा मी तिला फक्त 'चूक झाली असेल' एवढंच म्हटलं नाही. मी म्हटलं, खालच्या ओळी माझ्या भावाने केल्या होत्या, त्याला कन्नड येत नाही. ती "अय्यो पाप" म्हणाली. तुझी कीव केली तिने.

आता क्लिप पाठवू नकोस असं वाटलं तर नको पाठवू. मी रक्षितला तोंडाने सांगेन. पण माझ्या तोंडावर तो विश्वास का ठेवेल? त्र्यंबकच्याच बसने कडकोळला जायचा, हल्ली आम्हाला टाळायला पुढची बस पकडतो.

ताई


म्हैसूर, १६ सप्टेंबर

कुशल,

काल बन्नूरला जाऊन आले. बसमध्ये बसायला जागा मिळाली नाही, उसाच्या ट्रॅक्टरमागून रखडत गेलो. भागीरथीबाई भावाच्या ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. मला बघून सूप खाली ठेवलं नाही.

"क्यामेरा हाय का पिशवीत?"

"नाही, मावशी."

"मत्ते कशाला आलीस?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, हाताचं, शब्दाचं, इंग्रजी ओळीचं, ती माझी होती तेही. त्या खडे वेचत होत्या. मधे एकदा म्हणाल्या, "हौदा?" होय का? आणि पुन्हा खडे.

मग म्हणाल्या, "तू लिवलंस ते मला वाचाया येत नाही गे. लोकांचं काय, लोक बोलतात, बोलू दे. पण त्यानं विचारलं. सेहेचाळीस वर्षं माझ्या हातचं ऊटा करून त्यानं मला विचारलं, मी कुणाचा. ह्याला आईनं काय उत्तर द्यायचं? दाखला काढून दाखवू?"

"तो चुकला. पण चूक माझी आहे, मावशी. तुम्ही घरी चला."

"त्यो आला का? तू आलीस. त्यो आला का?"

त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "त्या दिवशी तू मागं उभी होतीस. मी बंद करा म्हणाले, तवा तू काय म्हणालीस, नेनप हाय का?"

मी म्हटलं, मावशी, खरंच आठवत नाही.

"इरली," म्हणाल्या. असू दे. मग आतून मला ताक आणून दिलं. ताक प्यायले आणि परत आले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ताई


म्हैसूर, २७ सप्टेंबर

कुशल,

पेन ड्राइव्ह मिळाला. दसऱ्याची सुट्टी, रस्ते पर्यटकांनी तुंबलेले, कुरिअरवाला तीनदा वाट चुकला. पाकिटात चिठ्ठी नव्हती. हलवून, उलटं करून बघितलं. नव्हती.

क्लिप बघितली. भागीरथीबाई रडतात, हात वर करतात, म्हणतात, "साकु. मगा, साकु. बंद कर ते." आणि मागून एका बाईचा आवाज येतो. थकलेला नाही, चांगला टवटवीत.

"थांबवू नकोस. चेहऱ्यावर जा."

मग कॅमेरा खाली येतो. इतका सावकाश टिल्ट मी वर्गात कधी दाखवू शकले नाही. चेहऱ्यावरून खांद्यावर, खांद्यावरून त्या वर केलेल्या हातावर. तिथे थांबतो. तुझा आवाज येतो, "नाही, ताई." आणि काळं होतं.

मला खरंच आठवत नव्हतं, कुशल. यावर तू विश्वास ठेव असं म्हणायचा हक्क माझा राहिलेला नाही, तरी लिहिते. मी ते सोयीने विसरले होते. आणि तू हे सहा महिने घेऊन बसला होतास. कुणालाही दाखवू शकला असतास. माझी अब्रू तुझ्या खिशात होती आणि तू गप्प बसलास. हे वाचून तुला राग येईल, पण मी खूप वेळ रडले आणि मग तुझाच राग आला. सांगायचं होतंस की मला!

संगणकावर क्लिप उघडलेली आहे. माझा आवाज काढून टाकायला दोन मिनिटं लागतात. रक्षितला तेवढंच तर दाखवायचं आहे, त्याच्या आईचं वाक्य.

अजून काढलेला नाही.

ताई


म्हैसूर, ५ ऑक्टोबर

कुशल,

आज सकाळी लॅपटॉप घेऊन मंडी मोहल्ल्यात गेले. यशस्विनीने दार उघडलं, रक्षित आत पेपर वाचत होता, उठला नाही. मी उभ्यानेच सांगितलं की ती ओळ माझी होती, भावाची नव्हती, त्याने मला अडवलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं. तो म्हणाला, "आता काय त्याचं." मी लॅपटॉप समोर ठेवला आणि क्लिप लावली.

पूर्ण लावली. माझ्या आवाजासकट.

यशस्विनीने माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली. ती मला आता अक्का म्हणेल असं वाटत नाही. रक्षितने बघितली. म्हणाला, "परत लावा." दुसऱ्यांदा बघताना शेवटी त्याने स्वतःच हात पुढे करून ती थांबवली. मला वाटलं, आता शब्दाचं विचारेल, नाहीतर मला घराबाहेर काढेल.

तो पडद्याजवळ वाकला.

"आईची बोटं बघ," तो यशस्विनीला म्हणाला. "सुजल्यात. अंगठी नाही. बाबांची अंगठी ती कधी काढत नाही. आत शिरायला लागली म्हणून काढली असणार." मग माझ्याकडे वळला. "हे कधीचं?"

"जानेवारीचं."

"जानेवारी," तो म्हणाला. "मी घरातच होतो की."

त्या हातावर मी नऊ महिने काम केलं, कुशल. तो फ्रेमच्या बाहेर काढला, पुन्हा आत आणण्यासाठी तुला पत्रं लिहिली. एकदाही मला तो दुखतोय असं दिसलं नाही.

त्याने मामाला फोन लावला. आईला द्या म्हणाला. पलीकडे कुणीतरी फोन घेतला असावा. तो म्हणाला, "आई, हात कसा हाय?" पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. तो नुसता हं, हं करत होता. मग म्हणाला, "बरं. शिव्या मग दे. मी येतो." चप्पल पायात सरकवली आणि गेला. लॅपटॉप तसाच उघडा.

फिल्म मी मागे घेतली आहे. बंगळूरच्या महोत्सवाला आणि समाजाच्या हॉलला पत्र गेलं, खरं कारण लिहून. कॉलेजातही कळेल. कळू दे.

ताई


म्हैसूर, १२ ऑक्टोबर

कुशल,

थोडक्यात लिहिते, हात चालत नाही.

यशस्विनीचा फोन आला होता. भागीरथीबाई मंगळवारी घरी आल्या. डॉक्टरांनी संधिवात सांगितलाय, औषध सुरू आहे. उजव्या हाताने घास धरता येत नाही, रक्षित भात कालवून भरवतो आणि त्या त्याला शिव्या देत खातात. नातेवाईक अजून येतात, म्हणाली, पण आता त्यांच्यासमोरच भरवतो, मुद्दाम. शेवटी जरा अडखळली. मग म्हणाली, "तुम्ही इतक्यात येऊ नका. अत्तेंनी सांगायला सांगितलंय." मी बरं म्हटलं.

फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "मत्ते, आणखी एक, अत्ते रोज विचारतात, त्यो पोरगा कुठं हाय, ज्यानं बंद केलं? त्याला ऊटाला बोलवा म्हणतात. तुमच्याशिवाय कुणाकडं पत्ता नाही, म्हणून फोन केला."

म्हणजे मला फोन आला तो तुझा पत्ता विचारायला. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडले, त्र्यंबकना कांद्याचं सांगितलं. मग वाटलं, त्यांचं बरोबर आहे. मीही मला बोलावलं नसतं.

पत्ता दिला नाही. म्हटलं, मीच कळवते. तेवढं तरी माझ्या हातून होऊ दे. तर कळवते आहे: मंडी मोहल्ल्यात तुला जेवायला बोलावलंय. दिवाळीच्या आधी ये. त्यांच्याकडेच उतर. माझ्याकडे यायलाच हवं असं नाही, आणि आलास तर तिथलं मला काही सांगायला हवं असंही नाही. मी विचारणार नाही.

एकदा माझं ऐकलं नाहीस, म्हणून त्या घरात तुझं पान मांडलंय. आता एकदा ऐक. जा.

ताई